सहीसाहेबांच्या हातातली दुर्मीळ गाठ

सहीसाहेबांच्या हातावरची गाठ पहिल्यांदा नजरेला पडली, तेव्हा ते एका म्हाताऱ्या बाईंना परत पाठवत होते. त्यात त्यांचा काही आकस नव्हता. परत पाठवणं हे त्यांचं कामच होतं. दस्तनोंदणीच्या कचेरीत, जिन्यालगतच्या खोलीत, ‘सही-जुळवणी’ अशी पाटी लावलेल्या टेबलामागे ते एकवीस वर्षं बसत होते. अर्ज आला की त्यावरची सही जुन्या रजिस्टरातल्या सहीशेजारी धरायची, वर भिंग न्यायचं आणि मान हलवायची. मान बहुतेक वेळा आडवीच हलायची. लोक त्यांना तोंडावर सहीसाहेब म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

त्यांची स्वतःची सही मात्र बघत राहावी अशी होती. आधी एक मोठा वळसा, वळशाच्या पोटातून निघालेली तिरकी रेघ, मध्ये तीन अक्षरं, जी त्यांच्या जन्मदात्या आईलाही लागली नसती, मग मागे वळून आलेली शेपटी आणि तिच्याखाली दोन टिंबं. टिंबं देण्याआधी ते क्षणभर थांबत. समोरच्याने ती टिंबं बघावीत अशी त्यांची अपेक्षा असे, आणि तो बघत नसेल तर ते खाकरत.

तर त्या दिवशी समोर मास्तरीणबाई होत्या. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला खणखणीत आणि हाताने मात्र थरथरत्या. ही त्यांची चौथी खेप होती. शेजाऱ्याने त्यांच्या खिडकीसमोर, त्यांच्याच जागेत, भिंत घालायला घेतली होती. काम थांबवायचं तर घराच्या दस्ताची नक्कल दाखवा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. पहिल्या खेपेला भिंतीचा नुसता पाया होता. आता ती गुडघ्याएवढी झाली होती.

“ही बघा बाई तुमची तेव्हाची सही,” सहीसाहेब समजुतीने म्हणाले. “‘र’ कसा ताठ उभा आहे. आणि हा आजचा ‘र’. हा बसलाय.”

“अहो, तेव्हा मी तिशीत होते. आता मीच बसलेय.”

“ते मला पटतं. पण भिंगाला पटत नाही.”

“मग माझा अंगठा घ्या.”

“लिहिता-वाचता येणाऱ्याचा अंगठा चालत नाही. कलम सात.” असं म्हणून त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या अकरा कलमी परिपत्रकावर तर्जनी टेकवली. हे परिपत्रक त्यांनीच लिहिलं होतं, मोठ्या साहेबांनी न वाचता त्यावर सही केली होती, आणि ती सही सहीसाहेबांनी भिंगाखाली जुळवूनही घेतली होती.

मास्तरीणबाई परिपत्रकाकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत होत्या. “तुमच्या हाताच्या पाठीवर आत्ता काहीतरी सरकलं,” त्या म्हणाल्या.

“विषय बदलू नका बाई.”

“बोट दुमडा. आता सरळ करा. बघा, पुन्हा सरकलं. दाखवून घ्या कोणाला तरी.”

बाई गेल्यावर सहीसाहेबांनी चोरून बोट हलवून बघितलं. तर्जनीच्या मुळापासून मनगटाकडे जाणाऱ्या शिरेवर वाटाण्याएवढा एक फुगवटा आला होता. बोट दुमडलं की तो बोटाकडे धावे, सरळ केलं की मनगटाकडे परत येई. दुखत काही नव्हतं. पण आपल्या हातात आपल्या परवानगीशिवाय कोणीतरी ये-जा करतंय, हे त्यांच्यासारख्या माणसाला सहन होण्यातलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोच्या नजरेतून ते सुटलं नाही. “अहो, मघापासून काय बोट नाचवताय? कोणाला बोलावताय?” तिने हात ओढून घेतला, गाठ दाबून पाहिली आणि समोरच्या दाराची घंटा वाजवली. समोर कंपाउंडरकाका राहत. त्यांनी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आयुष्यभर बाटल्या भरल्या होत्या, आणि ते डॉक्टर वारल्यापासून स्वतःच डॉक्टर झाले होते.

“गँगलियन,” काका चष्मा न लावताच म्हणाले. “पाण्याची गाठ. औषध नाही, पाणी नाही. एक जाड पुस्तक घ्यायचं, हात टेबलावर ठेवायचा आणि दण्णकन आपटायचं. जागच्या जागी बसते.”

“आपटायचं म्हणजे?” सहीसाहेबांनी हात मागे घेतला.

“म्हणजे आपटायचं. यात समजावून सांगण्यासारखं काय आहे?”

तासाभरात बातमी इमारतभर झाली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की आपटू नका, दाबून पट्टी बांधा, आमच्या जाऊबाईंची पट्टीने गेली. जाऊबाईंची गाठ कुठे होती असं विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. तळमजल्यावरचे आजोबा आपला मुतखडा काचेच्या बाटलीत घालून घेऊन आले. प्रसंग कोणताही असो, ते तो आणतच. इमारतीच्या सेक्रेटरींनी आपटायला हरकत नसल्याचं सांगितलं. फक्त दुपारी दोन ते चार या वेळेत आवाज होऊ नये, अशी अट घातली.

आता प्रश्न पुस्तकाचा. मध्यमवर्गीय घरात गरजेच्या वेळी जाड पुस्तक सापडत नाही, हे ज्याने शोधलंय त्यालाच कळेल. टेलिफोन डिरेक्टरी होती, पण तिचं पुठ्ठ्याचं कव्हर गळून पडल्याने ती लुळी झाली होती. शब्दकोश बायकोच्या भावाने नेला होता. तो भाऊ, म्हणजे सहीसाहेबांचा मेहुणा, बहिणीच्या फोनवर धावत आला, पण शब्दकोश न घेताच. शेवटी सहीसाहेबांनीच कपाटातून कचेरीची नियमावली काढली. अकराशे पानं, कापडी बांधणी, पाठीला सोनेरी अक्षरं, आणि आत सगळी परिपत्रकं चिकटवलेली. काकांनी ती हातात तोलून बघितली आणि समाधानाने मान डोलावली.

“भाऊजी, डोळे मिटा,” नियमावली डोक्यावर उचलून मेहुणा म्हणाला.

पहिल्या दणक्याला सहीसाहेबांनी हात काढून घेतला, आणि टेबलाची काच गेली. दुसऱ्या दणक्याला बायकोने त्यांचा हात धरून ठेवला होता, त्यामुळे मेहुणा बहिणीला वाचवायला गेला आणि नियमावली मनगटावर बसली. सहीसाहेब ओरडले तो आवाज सेक्रेटरींच्या अटीत बसणारा नव्हता. तिसऱ्या दणक्याला नियमावलीची बांधणी उसवली, पानं खोलीभर झाली आणि कलम सात सोफ्याखाली गेलं. गाठ होती तिथेच होती. सहीसाहेबांनी सवयीने बोट हलवून बघितलं, तर ती तितक्याच मजेत मनगटापर्यंत जाऊन परत आली. फरक एवढाच, की मनगट आता पोळलेल्यासारखं सुजलं होतं.

“जरा कोन चुकला,” काका म्हणाले आणि घरी गेले.

मग नेहमीचे डॉक्टर झाले. त्यांनी सुई घालून पाणी ओढायचा प्रयत्न केला, पण सुईत काहीच येईना. ते दोनदा ‘हं’ म्हणाले. डॉक्टर दोनदा ‘हं’ म्हणाला की सोनोग्राफी निघते. सहीसाहेबांनी एका दिवसाची रजा टाकली, आणि टेबलावर त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या नव्या बाईंना बसवलं. नव्या बाई वर्षभरापूर्वी नोकरीला लागल्या होत्या. अकरा कलमं त्यांना तोंडपाठ होती, आणि सहीसाहेबांना त्यांचा फार अभिमान होता.

सोनोग्राफीच्या खोलीत तिथल्या डॉक्टरांनी हातावर गार मलम लावलं, यंत्र फिरवलं, पडदा जवळ ओढून पुन्हा फिरवलं. मग त्यांनी शेजारच्या खोलीतून एका डॉक्टरांना बोलावलं. त्या डॉक्टरांनी तिसऱ्याला बोलावलं. पाच माणसं पडद्याकडे टक लावून बघायला लागल्यावर सहीसाहेबांचा धीर सुटला.

“काय असेल ते स्पष्ट सांगा. माझ्यामागे बायको आहे.”

“घाबरू नका हो,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “अशा गाठी नेहमीच येतात, पण सांध्यातून येतात, नाहीतर कंडरेच्या वरच्या आवरणातून. कंडरा म्हणजे बोट उचलणारी दोरी. तुमची गाठ दोरीवर नाही. दोरीच्या आत आहे! पदरांच्या मध्ये शिरून बसलीय, म्हणून बोटाबरोबर धावते. हे आम्ही पुस्तकात वाचलेलं, बघितलं आज.”

“म्हणजे दुर्मीळ?”

“अतिशय.”

सहीसाहेब टेबलावरून उतरले तेव्हा इंचभर उंच झाले होते. बावन्न वर्षांत त्यांच्या बाबतीत दुर्मीळ असं काहीच घडलं नव्हतं. मार्क मध्यम, उंची मध्यम, लग्न वेळेवर, बढती सगळ्यांबरोबर. आता निसर्गाने उशिरा का होईना दखल घेतली होती. जिना चढताना त्यांनी तळमजल्यावरच्या आजोबांना मुद्दाम हटकलं आणि खडा लाखो लोकांना होतो हे सहज सांगून टाकलं. आजोबांनी बाटली धोतरात लपवली आणि त्यानंतर ती पुष्कळ दिवस बाहेर काढली नाही. कंपाउंडरकाका म्हणाले, “मी गँगलियन म्हटलंच होतं.” त्यावर सहीसाहेब नुसते हसले, आणि ते हसू काकांना मनगटावरच्या दणक्याहून जास्त लागलं.

हाताच्या सर्जनांनी मात्र ही हवा काढून टाकली. ते मोठ्या रुग्णालयात बसत, बोलायला तुटक होते आणि महिनाअखेर वर्षभरासाठी परदेशी निघाले होते. त्यांनी फिल्म उजेडात धरली. “आतली गाठ दोरीचे धागे विरळ करतेय. पुढे कधीतरी तुटेल. तुटली की हे बोट वर उचलता येणार नाही. काढावी लागेल. सोमवारी सकाळी करू. त्यानंतरच्या आठवड्यात मी नाही, आणि हे काम दुसरा कोणी करेल की नाही, सांगता येत नाही.” मग त्यांनी सुजलेलं मनगट बघितलं. “इथे काय मारलं?”

“नियमावली.”

सर्जनांनी तेही लिहून घेतलं. “सोमवारी कचेरीचं शिफारसपत्र घेऊन या. त्याशिवाय इथे आम्हाला हात लावता येत नाही.”

बोट उचलता येणार नाही! सहीसाहेब घरी जाताना सगळा रस्ता आपल्या तर्जनीकडे बघत होते. हेच बोट पेन धरत होतं, हेच कलमांवर टेकत होतं. वळसा याच बोटाचा, टिंबं याच बोटाची. हे बोट पडलं तर त्या टेबलामागे बसून ते करणार तरी काय होते? रात्रीचं जेवणही त्यांना गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, त्यांनी शिफारसपत्रासाठी अर्ज लिहिला आणि खाली सही केली. सुजलेल्या मनगटातून वळसा अर्धाच आला, रेघ भलतीकडे गेली, शेपटी वळलीच नाही. टिंबं तेवढी बरी होती, पण तीन पडली. कर्मचाऱ्यांच्या अर्जावरच्या सह्याही याच टेबलावर जुळवायच्या आणि स्वतःचा अर्ज स्वतः जुळवायचा नाही, हे कलम चार. म्हणून सहीसाहेब आयुष्यात पहिल्यांदा आपल्या टेबलाच्या पुढच्या बाजूला उभे राहिले. इकडून ते टेबल बरंच उंच दिसत होतं.

नव्या बाईंनी रजिस्टर काढलं, भिंग धरलं, आणि बराच वेळ बघितलं.

“सर, जुळत नाही.”

“अहो बाई, मला ओळखत नाही का तुम्ही?”

“ओळखते ना सर. पण ओळख म्हणजे जुळवणी नव्हे. कलम दोन. तुम्हीच पहिल्या दिवशी माझ्याकडून म्हणून घेतलं होतं.”

“हात सुजलाय, दिसतंय ना?”

“दिसतंय सर. हाताची दशा अर्जाचा भाग नाही. कलम पाच.”

सहीसाहेबांनी तिथल्या तिथे आणखी अकरा सह्या करून दाखवल्या. बारावी तर कोणत्याच माणसाची वाटत नव्हती. मागे रांग लागली होती, आणि रांगेतली माणसं विलक्षण शांत आणि प्रसन्न दिसत होती. एकाने तर घरी फोन करून मुलाला बोलावून घेतलं. अर्ज घेऊन ते मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

“मी काय करणार?” मोठे साहेब म्हणाले. “परिपत्रकावर माझी सही आहे. आणि ती जुळलीय, असं तुम्हीच लिहून दिलंय.”

मार्ग एकच होता. कलम नऊ. सही जुळत नसेल तर एका साक्षीदाराने ‘हा तोच माणूस’ असं लिहून द्यायचं. पण साक्षीदार कचेरीबाहेरचा हवा, आणि त्याची स्वतःची सही गेल्या तीन महिन्यांत याच टेबलावर जुळलेली हवी. हे कलम लिहिताना सहीसाहेबांना फार बरं वाटलं होतं, कारण ते कोणालाच जमण्यासारखं नव्हतं.

नव्या बाईंनी रजिस्टर उघडलं. तीन महिन्यांत जुळलेल्या सह्या फक्त चार होत्या. सहीसाहेबांनी सवयीने कौतुकाने मान हलवली, आणि मग ती मध्येच थांबवली. पहिले गृहस्थ सही जुळल्यावर आठवड्यात वारले होते. दुसरे पत्ता न देता दुसऱ्या शहरात गेले होते. तिसरे एक कंत्राटदार. त्यांना सहीसाहेबांनी सात खेपा घालायला लावल्या होत्या. ते फोनवर म्हणाले, “ओळखतो की! चांगला ओळखतो. म्हणूनच साक्ष देणार नाही.” आणि फोन ठेवला.

चौथी सही मास्तरीणबाईंची होती.

“ही कधी जुळली?” सहीसाहेब ओरडले.

“तुम्ही सोनोग्राफीला गेला होता ना सर, त्या दिवशी. मी जुळवली.”

“हा ‘र’ बघा! हा ‘र’ जुळतो?”

“हात थरथरतो सर, पण अक्षराचं वळण तेच आहे. मी तीनदा बघितलं.”

“तुम्हाला मी हेच शिकवलं? ही सही ताबडतोब…” इथे सहीसाहेबांचं वाक्य आपोआप थांबलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते, आणि सोमवारच्या आधी कामाचा दिवस फक्त शुक्रवार होता. त्यांनी रजिस्टर हळूच मिटलं. “नीट बघितलं तर,” ते म्हणाले, “तसं काही वाईट नाही.”

मास्तरीणबाईंचं घर दोन खोल्यांचं होतं. दिवसाढवळ्या आत दिवा लावलेला होता, कारण खिडकीबाहेरची भिंत आता खिडकीच्या निम्म्यावर आली होती. बाहेर थापी घासल्याचा आवाज येत होता. सहीसाहेब खुर्चीच्या कडेवर बसले, आणि त्यांनी सगळं सांगितलं: दुर्मीळ गाठ, दोरीचे धागे, सोमवार. बाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. पोरांचं खोटं ऐकायची सवय असलेल्या माणसासारख्या त्या ऐकत होत्या, पण हे खरं होतं, आणि ते त्यांना कळलं.

“माझी साक्ष चालेल? माझी सही थरथरते,” त्या म्हणाल्या.

“थरथरणारच. वय आहे,” सहीसाहेब घाईघाईने म्हणाले. “साहजिक आहे ते.”

“असं होय.” बाईंनी चष्मा लावला. “पण मी लिहून देणार की तुम्ही तेच. मला खात्री नको का? हात पुढे करा. बोट हलवा.”

सहीसाहेबांनी शाळकरी पोरासारखा हात पुढे केला. गाठ बोटाकडे धावली, परत आली.

“हो. तेच,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी सावकाश सही केली. ‘र’ खाली बसला. सहीसाहेबांना तो ‘र’ इतका सुंदर कधी वाटला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

“माझी नक्कल कधी मिळेल?”

“दोन महिने धरा.”

“घेताना पुन्हा सही करावी लागते ना? तीही जुळवता?”

“त्याची काळजी तुम्ही करू नका बाई,” सहीसाहेब गहिवरून म्हणाले. “मी आहे ना तिथे!”

आणि ते अगदी मनापासून म्हणाले होते.

सोमवारी ऑपरेशन झालं. सर्जनांनी फक्त हात बधिर केला. “तुम्ही जागे हवे आहात. मधूनमधून बोट हलवायला सांगेन.” मध्ये हिरवा पडदा होता. पडद्यापलीकडे सहीसाहेबांचा हात, सर्जन आणि माना उंचावून बघणारे डझनभर विद्यार्थी. अलीकडे उरलेले सहीसाहेब.

“बघा, दोरीला आडवं कापायचं नाही,” सर्जन विद्यार्थ्यांना सांगत होते. “धाग्यांच्या दिशेने उभं उघडायचं. धागे बाजूला सारायचे. ही बघा! एवढ्या नाजूक जागेत किती टुमदार बसलीय. सुंदर!”

सहीसाहेबांना भरून आलं. त्यांच्या कोणत्याही गोष्टीला आजवर सुंदर म्हटलं गेलं नव्हतं. गाठ निघाली, आतला दाट चिकट ऐवज बरणीत गेला, आणि राहिलेले धागे केसासारख्या दोऱ्याने एकत्र आले. “बोट उचला,” सर्जन म्हणाले. पडद्याअलीकडून सहीसाहेबांनी जीव खाऊन बोट उचललं. पलीकडे विद्यार्थ्यांच्या माना आणखी उंचावल्या. त्या दोन क्षणांत त्यांना आपलं टेबल, भिंग आणि वळसा, सगळं दिसून गेलं. मग सर्जन म्हणाले, “उचललं. शाबास.”

“नियतकालिकात यावर लेख देणार आहे,” टाके घालताना सर्जन म्हणाले. “तुमची संमती हवी.”

“अवश्य. माझं नाव जरा पूर्ण छापा.”

“नाव छापत नाहीत. ‘एक पुरुष, वय बावन्न, कारकून’ एवढंच.”

“वरिष्ठ,” सहीसाहेब पडद्याअलीकडून क्षीण आवाजात म्हणाले. “वरिष्ठ कारकून.”

पुढचे सहा आठवडे हात फळीला बांधलेला होता. या काळात मेहुण्याने त्यांची बटणं लावली, बायकोने दाढी केली आणि कंपाउंडरकाकांनी रोज येऊन टाके चुकीचे पडलेत असं सांगितलं. पण फळी निघाली, रबरी चेंडू दाबून दाबून बोटात जोर आला, आणि तर्जनी पुन्हा ताठ उभी राहू लागली. सहीचा वळसा मात्र पहिल्यासारखा झाला नाही. तो जरा चपटा येई. मोठ्या साहेबांनी नव्या सहीचा नमुना नोंदवून दिला आणि सहीसाहेब पुन्हा टेबलाच्या आतल्या बाजूला बसले.

घरी बसून त्यांनी पुष्कळ विचार केला होता. रांगेत उभं राहणं म्हणजे काय, हात ऐकत नाही म्हणजे काय, हे त्यांना कळलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी परिपत्रकात एक कलम वाढवलं, आणि वाचून दाखवताना त्यांचा आवाज कापला.

“कलम बारा. ज्या अर्जदाराच्या हाताच्या कंडरेच्या आत गाठ असल्याचं, अथवा होती असं, सर्जनचं प्रमाणपत्र असेल, त्याला सही-जुळवणीतून पूर्ण सूट राहील.”

नव्या बाई बघतच राहिल्या. “सर, असे किती लोक असतील?”

“सर्जन म्हणाले, त्यांच्या बावीस वर्षांत मी पहिलाच.”

“म्हणजे एक.”

“बाई, नियम करताना डोकी मोजायची नसतात. त्यामागची भावना बघायची.”

तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाई आल्या. त्यांची नक्कल तयार होती, ट्रेमध्ये सर्वात वर. त्यांच्यामागे आठ-दहा माणसांची रांग होती. बाई दमल्या होत्या. “भिंत वरपर्यंत आली,” त्या म्हणाल्या. “वर वीतभर उजेड उरलाय. आज कागद मिळाला तर आज काम थांबेल. उद्या ते तोही बुजवून भिंत सज्जाला भिडवतील.”

“बसा, बसा. तुमचे उपकार मी विसरलेलो नाही,” सहीसाहेब म्हणाले. “इथे पोचपावतीवर सही करा.”

बाईंनी सही केली. सहीसाहेबांनी कागद ओढला, आणि त्यांचा हात भिंगाकडे गेला. तो काही त्यांनी मुद्दाम नेला नाही. एकवीस वर्षांची सवय होती. भिंगाखाली ‘र’ दिसला. बसलेला. सहीसाहेबांनी सुस्कारा सोडला.

“बाई, काय सांगू तुम्हाला! जुळत नाही हो.”

“वय आहे. साहजिक आहे ते,” बाई म्हणाल्या.

“मला का कळत नाही? माझ्या मनात तुमच्याबद्दल काय आहे, ते माझं मला माहीत. पण वयासाठी तरतूद नाही. हां, एक करता येईल.” त्यांचा चेहरा खुलला. “कलम बारा! तुम्ही हाताची तपासणी करून घ्या. आत गाठ निघाली, तर तुमचं काम दोन मिनिटांत होईल.”

रांगेतून कोणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. मास्तरीणबाईंनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं, चष्मा पुसला, लावला. वर्गातला सर्वात मठ्ठ मुलगा फळ्यापाशी उभा असावा, तसं त्यांनी सहीसाहेबांकडे बघितलं.

“मला एक सांगा. तुमच्या अर्जावर साक्षीदाराची सही कोणाची?”

“तुमची.”

“ती आणि ही, दोन्ही शेजारी ठेवा बघू.”

ठेवायला सहीसाहेबांना काही करावं लागलं नाही. नव्या बाईंनी न सांगताच फाइल आणून बरोबर पान उघडलं होतं. सहीसाहेबांनी भिंग फिरवलं. “अगदी सारख्या आहेत,” ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

“ही जुळत नाही, तर तीही जुळत नाही. बरोबर?”

“…बरोबर.”

“मग साक्ष गेली. साक्ष गेली म्हणजे शिफारसपत्र गेलं. शिफारसपत्र नाही, तर त्या डॉक्टरांनी तुमच्या हाताला हात लावला तो कोणाच्या परवानगीने? आणि सहा आठवडे तुम्ही होतात कुठे?” बाईंचा आवाज अजिबात चढला नव्हता. “कागदोपत्री, सहीसाहेब, गाठ अजून तुमच्या हातातच आहे.”

सहीसाहेबांनी तर्जनी वर उचलली. ती छान उचलली गेली, आणि ती उचललेली बघून त्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी नव्या बाईंकडे बघितलं. त्या पेनाला शाई भरत होत्या. त्यांनी पुन्हा भिंग धरलं, मग ते काढलं, मग खिशातल्या रुमालाने पुसून खणात ठेवलं आणि नुसत्या डोळ्यांनी ‘र’कडे बराच वेळ बघितलं.

“जुळते,” ते पुटपुटले.

मास्तरीणबाईंनी नक्कल उचलून पिशवीत घातली. मग मागच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली.

“मोठ्याने म्हणा,” त्या म्हणाल्या. “मागच्यांना ऐकू आलं नाही.”